बेळगावात काय चालतं

अनुभवाच्या दाखल्यावर शिक्का मारता मारता नागेंद्र सर हसले.

"हा पाचवा. दाखला द्यायला माझं काय जातंय? पण बेंगलोरला तुला कोण घेणार न्हाय, पूर्णिमा."

आधीच्या चार मुलाखतींत पूर्णिमाला हेच ऐकवलं होतं, फक्त गोड इंग्रजीत. सहा वर्षं ती या दोन खोल्यांच्या ऑफिसात पतसंस्थांचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळत होती. ते व्हिज्युअल बेसिक या जुन्या संगणकभाषेत लिहिलेलं. बाहेर ते कधीच मोडीत निघालं होतं, पण इथल्या पतसंस्थांना नवं काही नको होतं. त्यामुळे काम होतं, पगार होता आणि पुढे वाट नव्हती.

"तुझे वडील म्हणजे लई पोचलेला माणूस," सर दाखला पुढे सरकवत म्हणाले. "तू क्लास लावायच्या आधी हितं आलते. मी म्हटलं, पोरीला जावा शिकवा, पायथन शिकवा, कुठंबी नोकरी मिळंल. तर म्हणाले, कुठंबी मिळणारी नको. जे शिकली तर बेळगाव सोडून कुठं काम मिळणार न्हाय, तसलं सांगा. असं इचारणारा बाप मी पयल्यांदाच बघितला!"

सरांना ही गंमत वाटत होती. पूर्णिमाही थोडं हसली, दाखला पिशवीत ठेवला आणि निघाली.

शनिवारची अर्धी सुटी होती. गावी, येळ्ळूरला जाणाऱ्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. आप्पा, म्हणजे तिचे वडील परशराम, उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर टर्नर. केसभर फरक चालवून न घेणारा माणूस. तिचं बी.कॉम. झालं तेव्हा तिला टॅलीपलीकडे संगणकातलं काही येत नव्हतं. आप्पांनी तीन दिवस रजा टाकून सहा ऑफिसं पालथी घातली आणि काय शिकायचं त्याची यादी करून आणली, व्हिज्युअल बेसिक सगळ्यात वर. 'हितं ह्येलाच मागणी हाय बघ,' म्हणाले. लेकीसाठी एवढी पायपीट करणारा बाप गावात दुसरा कोण होता? तिने मैत्रिणींना किती कौतुकाने सांगितलं होतं. आणि यादीतला शब्द न शब्द खरा होता, हेच तिला जास्त लागलं. खोटं बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

त्याच वर्षी काकांच्या नीलमने बेंगलोरला नोकरीला जाऊन परस्पर लग्न केलं होतं. घरात तिचं नावही कुणी काढत नसे. तेव्हा पूर्णिमाने या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नव्हत्या.

घरी आप्पा पेन घेऊन बसले होते. समोर तिचा धाकटा भाऊ सौरव, बारावीचा निकाल लागलेला.

"आलीस? बरं झालं. सौरवला कंचं शिकवायचं त्ये सांग. बेंगलोरला कशाला मागणी हाय?"

तिने पाय धुतले, तोंड धुतलं. टॉवेल खुंटीला अडकवून ती सौरवशेजारी येऊन बसली.

"आप्पा, ते शिकला तर बेळगावात ऱ्हाणार न्हाय त्यो."

"जाऊ दे की. पोरगा हाय."

व्हिज्युअल बेसिकसारखंच मोडीत निघालेलं, पण आप्पांनी कधी न ऐकलेलं एक नाव तिच्या ओठांवर आलं. ती म्हणाली असती आणि आप्पांनी ते मुकाट्याने लिहून घेतलं असतं. या बाबतीत त्यांचा तिच्यावर पुरा विश्वास होता. सौरव तिच्या तोंडाकडे बघत होता.

"पायथन," ती म्हणाली.

मग तिने सगळंच सांगितलं. आधी काय शिकायचं, किती महिने, कुठल्या क्लासच्या नादी लागायचं नाही, मुलाखतीत काय विचारतात, काय येत नसलं की पहिल्याच प्रश्नाला बाहेर काढतात. सांगताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. आप्पा भराभर लिहीत होते.

"आक्का," सौरव मध्येच म्हणाला, "तुला येवढं ठावं हाय, मग तूच का न्हाय शिकलीस?"

आप्पांचं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं. पूर्णिमा त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिने नजर काढून घेतली नाही.

"जेव गप," आप्पा सौरववर खेकसले.

सौरवपुढे अजून ताट वाढलेलं नव्हतं.