पहिला घास

शाळेच्या स्वयंपाकघरात शब्द चालतो माझा, घरी सासूबाईंचा. त्या दिवशी आम्ही दोघी एकाच शेगडीपाशी उभ्या होतो.

पाकिटातली बिस्किटं बंद करून मुलांना रानातले कंद खाऊ घालायचे, हा हट्ट माझा. मुख्याध्यापिकाबाईंनी एकच संधी दिली होती. "ताटं भरलेली परत आली, तर पुन्हा बिस्किटं," असं बजावूनच. हे कंद सासूबाईंच्या माहेरी सगळे खात. आता तिथेही पाकिटंच फुटतात. कंद शिजवायची रीत त्यांनाच ठाऊक, म्हणून त्यांना मदतीला आणलं होतं.

कंद सोलून, चिरून, धुऊन झाले. मग आंबट पाला घालून उकडायचे. पण पाल्याने कंद चिखलासारखे काळपट होतात! मुलं नाकं मुरडतील म्हणून मी पाला गुपचूप बाजूला ठेवला. कंद कसे पांढरेशुभ्र झाले. मी स्वतःवरच खूश.

घंटेच्या आधी सासूबाई ताट घेऊन बसल्या. त्यांच्याकडची रीतच तशी. शिजवणाऱ्यांतल्या मोठ्या बाईने पहिला घास खायचा, तोवर इतर कुणी हात लावायचा नाही. मला मेलीला वाटलं, कशाला हा थाट!

घास गिळला आणि त्या खाकरू लागल्या.

"पाला कुठंय?"

"दिसायला छान व्हावं म्हणून..."

"दिसायला छान! अगं, पाल्यानेच कंदाची खाज मरते. घसा खाजतोय माझा. ठेव परत शेगडीवर!"

घंटा झाली. बाहेर मुलं ताटं बडवू लागली. मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. मी घाईघाईने जाळ वाढवत होते. सासूबाई मात्र गुळण्या करत मजेत पाला ढवळत होत्या.

शेवटी तो काळपट गोळा ताटात पडला. पोटात कावळे ओरडत असताना रंग कोण बघतो? पोरं तुटून पडली. ताटं परत आली ती चाटूनपुसून.

"यात घातलंय तरी काय?" बोट चाटत मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"पाला," सासूबाई म्हणाल्या, "आणि थोडा उशीर."

बिस्किटांचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मी मूठभर पाला जास्तच घातला. घंटेच्या आधी सासूबाईंनी ताट माझ्यापुढे सरकवलं.

"अहो आई, मोठ्या तुम्ही!"

"घरी. इथली मोठी तू. खा."

मी घास घेतला. डोळे भरून आले.

"काय गं, खाजतंय?"

"नाही हो. आंबट झालंय."

"मग बघतेस काय? दार उघड, पोरं खोळंबलीत."