वाट द्यावी

ताईच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. विसरलो होतो असं म्हणायचीही सोय नाही, कारण रोज सकाळी चहा पिताना ते माझ्या समोरच असायचं. नजर कमी झाल्यापासून ताई जाड शाईच्या पेनाने लिहिते, एका ओळीत चारच शब्द मावतात, आणि साधी खुशालीसुद्धा दुकानाच्या पाटीसारखी दिसते.

‘किडोबा,’ तिने लिहिलं होतं. पुस्तकातला किडा म्हणून लहानपणी पडलेलं नाव तिने सत्तरी उलटल्यावरही सोडलेलं नाही. ‘दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचंय. शेजारीण न्यायची, ती आता लेकाकडे राहायला गेली. पट्टी बांधून परक्या गाडीत बसायची मला भीती वाटते. तू येशील का गाडी घेऊन? जमत नसेल तर तसं कळव. रागावणार नाही.’

फोन करता आला असता. पण मला कमी ऐकू येतं, आणि ताई पहिल्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आत दुसरा विचारते. आमचं खरं बोलणं कागदावरच होतं.

गाडी होती. लायसन्सही होतं, मुदत संपायच्या आत नेमाने नवं करून घेतलेलं. चालवणं तेवढं राहिलं होतं. आमच्याकडे गाडी बायको चालवायची आणि मी शेजारी मांडीवर पुस्तक उघडून बसायचो. ‘रस्ता बघ की जरा,’ ती म्हणायची. मी मान वर करून बघायचो आणि पुन्हा खाली घालायचो. ती गेल्यापासून गाडी कापड पांघरून दारात उभी होती.

‘नाही’ लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, कारण मला जायचं होतं. ‘हो’ लिहिणं त्याहून खोटं. म्हणून मी मोटार शिकवणाऱ्या बाईंकडे नाव घातलं आणि ठरवलं, आधी जमू दे, मग लिहू. ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की भाऊ उत्तर देत नाही.

गाडी सरळ नेणं मला लवकर जमलं. घोडं अडलं ते मोठ्या चौकात. तिथे उजवीकडे वळल्याशिवाय ताईच्या गावचा रस्ता लागत नाही. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. समोर छापील काही आलं की मी ते चोख पाळतो. वाहतुकीच्या नियमांची पुस्तिका मी पेन्सिल घेऊन वाचली होती, दोन स्वल्पविरामही सुधारले होते. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं: ‘उजवीकडे वळताना समोरून सरळ येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी.’

सिग्नल हिरवा झाला. समोरून गाड्या येत होत्या. मी पांढऱ्या रेषेमागे उभा राहून त्यांना वाट दिली. त्यांच्यामागून आणखी आल्या, त्यांनाही दिली. सिग्नल लाल झाला. पुन्हा हिरवा झाला. मागे हॉर्नचा गदारोळ उठला.

“काका,” बाई शांतपणे म्हणाल्या, “मुक्काम इथेच का?”

“वाट द्यावी असं आहे ना.”

“वाट द्या म्हटलंय. वाट बघत बसा असं कुठं म्हटलंय?”

“पण समोरून येताहेत.”

“येऊ देत. तुम्ही पुढं या. ते बघा, चौकाच्या पोटात तुटक रेघा मारल्यात, त्या तुमच्यासाठीच आहेत. तिथवर जायचं, चाकं सरळ ठेवायची, तिथं थांबायचं. फट मिळाली की वळायचं. इथं रेषेमागं बसून फट मिळाली तरी तुम्ही पोचेपर्यंत ती संपते.”

“मध्येच जाऊन उभं राहायचं? सगळ्यांच्या समोर?”

“लग्नात नवरदेव म्हणून उभे राहिला होतात ना? तेवढंच.”

“तेव्हाही मला घाम फुटला होता.”

बाई इतक्या हसल्या की त्यांच्या बाजूच्या जादा ब्रेकवर त्यांचाच पाय पडला आणि आम्ही जागच्या जागी गचकलो. मागच्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. “आजोबा, तुम्ही वाट देताय, आमची वाट लागतेय!”

वाट देणं, वाट बघणं आणि वाट लागणं यांतला फरक मला कुणी विचारला असता तर मी पानभर लिहून दिला असता. चौकात मात्र मी त्यांत गल्लत करून बसलो होतो. आणि फक्त चौकातच का, असंही त्या रात्री मनात आलं. पण अशा विचारांना अंत नसतो, म्हणून मी दिवा मालवला.

पुढच्या खेपेला दुसरीच गंमत. बोलता बोलता मी डावीकडच्या लेनमध्ये शिरलो. रेषा जवळ आली तेव्हा दिसलं, खाली रस्त्यावर डावा बाण रंगवलेला आहे. मी तिथेच गाडी थांबवली, उजवा इंडिकेटर लावला आणि मागच्यांना हात जोडले.

“हे काय चाललंय?”

“चुकीच्या लेनमध्ये आलो. दुरुस्त करतो.”

“इथं दुरुस्त करायचं नसतं हो काका! रेषेपाशी आल्यावर बाण सांगेल तिकडंच जायचं. डावा म्हणतोय ना, चला डावीकडं.”

“पण मला डावीकडे जायचंच नाही.”

“जाऊन या. पुढं कुठंतरी वळता येईल. उशीर झाला तर झाला.”

चूक दिसली की तिथल्या तिथे खूण करायची, हीच माझी सवय. चूक घेऊन तसंच पुढे जायचं हे मला नवीन होतं. आम्ही डावीकडे गेलो. तो रस्ता शांत होता, एका घराबाहेर कुणीतरी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. मैदानाला वळसा घालून चौकात परत आलो तेव्हा मी आधीपासूनच उजव्या बाणाच्या लेनमध्ये होतो.

“बघा,” बाई म्हणाल्या, “कुणी मेलं का?”

त्याच संध्याकाळी भाचीचा परदेशातून निरोप आला. ‘मामा, आई या महिन्यात इंजेक्शनला गेलीच नाही. तुमचं उत्तर आल्यावर ठरवते म्हणाली. डॉक्टर म्हणतात, आणखी एक चुकलं तर त्या डोळ्याचा भरवसा नाही. पुढची तारीख दहा दिवसांवर आहे.’

मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी बाईंना फोन करून आज येऊ नका म्हटलं. “एकटे जाणार?” त्यांनी विचारलं. मला नीट ऐकू आलं नाही असं मी दाखवलं, आणि दारातल्या गाडीवरचं कापड काढलं.

उजवा बाण, उजवी लेन, इंडिकेटर. सिग्नल हिरवा झाला आणि मी रेषा ओलांडून चौकाच्या मधोमध, त्या तुटक रेघांत जाऊन उभा राहिलो. चाकं सरळ. समोरून एक बस आली, मग दुधाची गाडी, मग स्कूटरची रांग. सगळं जग आपल्याकडे बघतंय असं वाटत होतं. प्रत्यक्षात कुणीच बघत नव्हतं. तेवढ्यात सिग्नल पिवळा झाला. माझा हात उलटा गिअर टाकायला निघाला होता. पण मागे जाणं आता शक्यच नव्हतं. आत आलेल्याने बाहेर पडायचं असतं, दुसऱ्यांचा हिरवा लागायच्या आत. समोरची रांग थांबल्याची खात्री केली आणि वळलो. वळताच नव्या रस्त्याच्या पट्ट्यांवरून एक बाई बाबागाडी ढकलत चाललेल्या दिसल्या. मी थांबलो. त्यांना वाट दिली. त्यांनी मान हलवली, मी हलवली, आणि मग पुढे गेलो. ताईच्या गावच्या रस्त्याला लागल्यावर गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

घरी येऊन जाड शाईचं पेन शोधलं. पहिल्या कागदावर मी क्षमा मागितली, कारणं दिली, ‘जर’ आणि ‘तर’ घातले. अशा मोठ्या अक्षरांत त्याची चार पानं झाली. ताईच्या डोळ्यांना चार पानं कशाला? ते बाजूला ठेवून नवा कागद घेतला.

‘ताई, पुढच्या तारखेला मी गाडी घेऊन येतो. दर महिन्याला येईन. सावकाश चालवतो, तू बोलत राहिलीस तर आणखी सावकाश. पुढे माझ्या शेजारी बस. पट्टी बांधल्यावर बाहेर काय दिसतंय ते मी सांगत जाईन. किडोबा.’

पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावर चालत जाऊन पेटीत टाकलं.