अंगठ्याचा दाब

उंदराच्या गुडघ्याला सूज आणायची, पंजाच्या नसेला विजेचे बोचरे झटके द्यायचे आणि सूज किती उतरली ते मोजायचं, हाच तिचा तीन वर्षांचा संसार. झटके खाल्लेल्यांची सूज चक्क कमी भरत होती. दुखवल्यानं सूज उतरते म्हटल्यावर तिचे मार्गदर्शक सर हरखले. घरी हे ऐकून सासूबाईंनी मात्र आपले दोन्ही गुडघे चादरीखाली ओढून घेतले.

उद्या सर हे परिषदेत मांडणार होते. तिचा प्रबंधही त्यावरच उभा होता. आणि आज शेवटचे उंदीर मोजताना तिचं लक्ष स्वतःच्या अंगठ्याकडे गेलं.

कुणाला झटके दिलेत ते मोजताना कळू नये म्हणून झटक्यांनंतर दुसरंच कुणी पिंजरे अदलाबदल करून त्यांवर नुसते आकडे लावत असे. पण झटके खाल्लेला उंदीर पाय आखडून धरतो. तसा पाय दिसला की गुडघ्याची जाडी मोजायच्या चिमट्यावर, कॅलिपरवर, तिचा अंगठा जरा जास्त दाबला जायचा. सूज मऊ असते, दाबली की बसते. अर्धा मिलिमीटर. सरांचा अख्खा शोध तेवढाच होता.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. धुतलेले हात पुन्हा धुतले. शेवटी उंदरांचं खाणंपिणं बघणाऱ्या मामांना तिनं हाताशी धरलं. ती उंदीर टॉवेलात गुंडाळून फक्त गुडघा बाहेर ठेवायची. मामांनी कॅलिपर नुसता टेकवायचा. मामांना ना शोधाशी देणंघेणं, ना सरांशी. चोवीस गुडघे त्यांनी भेंडी निवडावी तसे उरकले.

कुठल्या आकड्याच्या उंदराला झटके दिले होते ती यादी तिनं लावून पाहिली. फरक होता, पण इतका किरकोळ की त्यासाठी परिषदेत कुणी चहाचा कप खाली ठेवला नसता.

"म्हणजे दुखवून उपयोग नाही, ताई?" मामांनी विचारलं.

"थोडा आहे. आपण सांगत होतो तितका नाही."

"मग बिचाऱ्यांना उगाच..." मामांनी पुढचं गिळलं.

सर बॅग भरत होते. ऐकून घेतल्यावर म्हणाले, परिषदेहून आल्यावर बघू. शिवाय आधीची मापं तिच्याच हातची होती ना?

"म्हणूनच आलेय, सर. आकडे बदला, नाहीतर माझं नाव काढा."

सरांनी तिच्या हातातला कॅलिपर घेतला, स्वतःच्या बोटाला लावला. पुन्हा लावला. दोन्ही वेळा वेगळं भरलं. तिसऱ्यांदा लावायला ते धजले नाहीत. बॅग तशीच उघडी टाकून खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "मामा घरी गेले नसतील, तर थांबव त्यांना."