हौदातले शिणाणे

"कुनी घातलं ह्यास्नी हौदात?" सुरेखा अंगणातनंच वरडली. राहात्याला लेकीकडं दोन दिवस राहून ती आत्ताच आली होती. पिशवी अजून खांद्यालाच.

सासू आक्काबाई बाजेवर लसूण सोलत होती. "म्या घातलं. कारभारी डायवर परवा टेम्पोतनं पोतं घिऊन आला. तुज्या भावानं धाडलंय, जितं हाय, म्हनला. मंग पान्यात न्हाई तर काय चुलीवर ठिवू?"

हौदाच्या तळाला शिणाणे पडले होते. बोटभर लांब, काळ्यानिळ्या शिंपांचे, बुडाशी राठ दोऱ्यांची दाढी. त्या दोऱ्यांनी ते समुद्राचा खडक आणि एकमेकांना धरून बसतात. लाट फुटते, शिणाणा सुटत नाही. ओहोटीला खडक उघडा पडला, की घोटभर खारं पाणी आत धरून शिंपा मिटतो आणि भरतीची वाट बघतो. सुरेखाच्या आईनं जन्मभर कोयत्यानं शिणाणे काढले. आई पाडव्याला गेली. तिच्या खडकावर आता भराव पडणार होता. भावानं शेवटचे काढून धाडले होते.

सुरेखा मालवणकडची. कांद्याचा टेम्पो घेऊन तिकडं जाणाऱ्या श्रीमंतशी लगीन करून वीस वर्षांमागं ह्या कोरड्या गावात आली. पहिल्याच दिवशी आक्काबाईनं बजावलं, "शिंपल्याची घान माज्या घरात शिजायची न्हाई." गावानं तर 'शिंपली' नावच पाडलं. दुसऱ्याचं ताट हुंगून त्याची लायकी ठरवायची हौस आपल्या गावांना भारी. आपल्या तोंडाचा वास मात्र कुणाला येत नाही. दोन वर्षांमागं श्रीमंतही गेला. घरात दोघी उरल्या, दिवसाला दहा शब्द बोलणाऱ्या.

"आत्याबाई, ही खाऱ्या पान्यातली. गोड्यात मरत्यात."

"अगं, रांजनातलं दिलं की! आपन पितो त्ये. दोनदा बदाललं." म्हातारीचा आवाज बसला. "मूठभर मटकी बी टाकली. उपाशी कसं ठिवायचं?"

सुरेखानं पाहिलं. मटकीला मोड आले होते.

वीस वर्षांत म्हातारीनं पहिल्यांदा तिच्या माहेराला जेवू घातलं होतं, आणि त्यानंच ते मेलं होतं.

सुरेखा हौदाशी बसली. आ वासलेला एकेक उचलायची, टिचकी मारायची. जिता असता तर मिटला असता. एकही मिटला नाही. पोतंभर उकिरड्यावर गेले. गच्च मिटलेले तेवढे अकरा निघाले, खडकावरचं पाणी आत धरून बसलेले.

चूल आक्काबाईनंच पेटवली. वाफ लागली तसे नऊ उघडले. दोन उघडले नाहीत, ते टाकले. घरभर समुद्राचा वास सुटला. म्हातारीनं नाकाला पदर लावला, आणि दुसऱ्या हातानं ताट पुढं सरकवलं.

"वाढ मला बी एक."

बोळक्या तोंडात तिनं तो लई वेळ घोळवला.

"तुजी आई आशीच करायची?"

"न्हाई. ती नारळ घालायची."

"मंग आधी बोलायचं न्हाई व्हय? कारभाऱ्याला सांग, फुडल्या खेपंला पोत्यासंगं दोन नारळ बी आन."

सुरेखानं नववा शिणाणा सासूच्या ताटात वाढला. पुढल्या खेपेला खडकच नसणार, हे काही ती बोलली नाही.