सत्तेचाळिसावं सूत्र

"निघालं! निघालं!" पहिल्या रांगेतली बाई ओरडली आणि अख्खं सभागृह उभं राहिलं.

फर्निचरच्या दुकानावरचं ते सभागृह. तीनशे खुर्च्या, आणि त्या भरून उरलेले आईबाप भिंतीला पाठ लावून उभे. प्रत्येकाच्या कडेवर नाहीतर मांडीवर एक मूल. व्यासपीठावर पांढऱ्या डगल्यातला एक गृहस्थ, सगळ्यांचे गुरुजी, चार वर्षांच्या पोराला पुढ्यात घेऊन बसला होता. त्यानं ओल्या कापसाचा बोळा पोराच्या कपाळावरून तीनदा फिरवला, काचेच्या भांड्यातल्या पाण्यात पिळला, आणि पाण्यात एक काळा धागा तरंगायला लागला. चांगला वीतभर. कॅमेऱ्यानं तो मागच्या पडद्यावर दाखवला तेव्हा तो दोरखंडाएवढा दिसला. बायका रडायला लागल्या. बापही.

"पाहा!" गुरुजी म्हणाले. "माणसात सूत्रं असतात शेहेचाळीस. या बाळात होती सत्तेचाळीस. जास्तीचं कुठून आलं? आईच्या मनातून! पोटात बाळ असताना आईनं गिळलेला राग, तिचा मत्सर, तिची भीती. त्याची गाठ बसते आणि गाठीचं सूत्र होतं. डॉक्टर म्हणतात, हे जन्मभराचं. का म्हणतात? कारण त्यांच्याकडे औषध नाही. आमच्याकडे कंपन आहे. क्वांटम कंपन!"

कंपन, क्वांटम, ऊर्जा, डीएनए. हे चार शब्द तो पत्त्यांसारखे पिसत होता आणि दर वेळी नवा डाव मांडत होता. मी अकराव्या रांगेत बसून दात आवळत होते. शेजारी माझी ताई हात जोडून बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची अडीच वर्षांची गोटी धापा टाकत झोपली होती.

माझं पोट गुणसूत्रांवरच चालतं. मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. रक्त येतं, त्यातल्या पेशी आम्ही तीन दिवस उबेत वाढवतो, विभागणीच्या ऐन क्षणी थांबवतो, काचपट्टीवर पसरतो, रंगवतो, आणि सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतो. मग एकेक गुणसूत्र उचलून जोडीला जोडी लावायची. तेवीस जोड्या. गोटी जन्मली तेव्हा तिचं रक्त आमच्याकडेच आलं होतं. एकविसाव्या जोडीच्या जागी मला तीन गुणसूत्रं दिसली. पुन्हा मोजली. दुसरी पेशी घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे तीन. मग मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि जिन्यात जाऊन बसले. डाऊन सिंड्रोम. ताईला ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं.

गोटीच्या हृदयाच्या पडद्यात भोक होतं. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात काहीतरी दोष असतो. तिचं वजन वाढेपर्यंत औषधं चालू होती, आणि आता ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पुढच्या महिन्यातली सतरा.

"तारीख पुढे ढकलली मी," सभागृहाचा जिना उतरताना ताई म्हणाली.

"काय केलंस?"

"गुरुजी म्हणाले, सूत्र निघायच्या आधी सुरी लावली की ते आत पळतं. मग कधीच निघत नाही. गोळ्यापण बंद केल्यात. गोळ्यांनी ते घट्ट होतं म्हणे."

"कधीपासून?"

"नऊ दिवस झाले."

मी जिन्यातच थांबले. "ताई, तिला धाप लागलीय. पावलं सुजलीत तिची, बघ."

"ते सूत्र सुटतंय म्हणून. त्यांनी आधीच सांगितलं होतं असं होईल."

या माणसाची हीच खरी कमाल. पोर बरी झाली तर गुरुजींमुळे, आणि खालावली तर तेही गुरुजींनी आधीच सांगितलेलं! भावजी बसचालक, दोन पाळ्यांत गुंतलेले. त्यांना फोन केला तर म्हणाले, "तुझ्या ताईला जरा उभारी आलीय गं. अडीच वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपली. मी काय सांगू तिला?"

चार दिवसांनी ताई स्वतःच माझ्या दारात आली. हातात कागद, चेहरा उजळलेला. "घे. तुझ्याच भाषेत आहे. आता बोल."

गुरुजींनी गोटीचं रक्त म्हणे परदेशी पाठवलं होतं. हा त्याचा अहवाल. वर गोटीचं नाव, खाली गुणसूत्रांचा फोटो, आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: शेहेचाळीस, सामान्य.

मी कागद दिव्याखाली धरला. एकविसाव्या जागी दोनच, खरं. फोटोही खरा, कुठल्याशा खऱ्या प्रयोगशाळेतला. पण माझी नजर सवयीनं शेवटच्या जोडीवर गेली आणि मला हसू फुटलं. ते हसू चांगलं नव्हतं.

"ताई, शेवटची जोडी बघ. एक मोठं, एक बुटकं. बुटकं म्हणजे वाय. हे पुरुषाचं रक्त आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी मुलगी शुद्ध होता होता मुलगा झाली!"

तिनं कागद माझ्या हातातून ओढला. "गुरुजी म्हणालेच होते. तुझी बहीणच आड येईल. तिची नोकरी सत्तेचाळिसावर चालते."

त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींना नको नको ते बोललो. तू स्वतःच्या पोरीचा जीव घेते आहेस, हे मी म्हणाले. तुला मूल नाही म्हणून तुला कळत नाही, हे ती म्हणाली. आणि गोटीला उचलून निघून गेली. गोटीचे ओठ निळसर दिसत होते.

रडत बसण्यात अर्थ नव्हता. पुढच्या सभेला मी तासभर आधी जाऊन जिन्याखाली उभी राहिले. गुरुजींनी सगळ्या "शुद्ध" बाळांच्या आईबापांना अहवाल घेऊन बोलावलं होतं, नव्यांना दाखवायला. मी एकेकाला गाठून म्हणायची, "मी प्रयोगशाळेत काम करते, बघू का जरा?" लोक कौतुकानं दाखवायचे. पहिला कागद पाहिला. दुसरा पाहिला. तिसरा हातात आला तेव्हा पहिले दोन मी पुन्हा मागून घेतले. तिसऱ्या जोडीतलं डावं गुणसूत्र तिन्ही कागदांवर कोपरात मोडलेल्या हातासारखं वाकलेलं होतं, त्याच जागी आणि तसंच.

तिथेच मला शिंपीणबाई भेटली. गल्लीच्या टोकाला तिचं कपडे शिवायचं दुकान, सहा वर्षांचा मुलगा बोटाला धरलेला. तिनं अहवाल दाखवला नाही. वेगळंच काहीतरी पुढे केलं. "बाई, हा माझ्या पोराच्या कपाळातनं निघालेला धागा. मी घरी नेला. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारते, माणसाच्या अंगातल्या धाग्याला पीळ असतो का हो?"

"का?"

तिनं नखांनी धाग्याचं टोक उलट फिरवलं. ते दोन पदरांत सुटलं. "हा बटणं टाचायचा दोरा आहे. मेण लावलेला. वीस वर्षं हेच करते मी. महिनाभर माझ्याजवळ आहे, पण कोणाला विचारायचं धाडस होत नव्हतं."

"आज होईल?"

तिनं मुलाकडे पाहिलं. "तुम्ही आधी बोला," ती म्हणाली. "मग मी."

सभा भरली. ताई पुढच्या रांगेत होती. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. गुरुजींनी "शुद्ध बाळांच्या मातापित्यांनो, उभे राहा!" म्हटलं आणि अकराजण कागद उंच धरून उभे राहिले. टाळ्या. मीही उभी राहिले.

"गुरुजी, एक शंका आहे. हे अकरा अहवाल अकरा वेगवेगळ्या मुलांचे ना?"

"अर्थात!"

"मग दोघांनी जरा खिडकीपाशी येता का? कोणीही दोघं."

गुरुजींच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. डोळे मात्र दाराकडे गेले. एक टॅक्सीवाला बाप आणि एक शिक्षिका पुढे आली. मी त्यांचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर दाबले. बाहेर लख्ख ऊन होतं. वरचं नाव सोडलं तर कागद दोन आहेत हे कळतही नव्हतं. रेष रेषेवर बसली होती.

"एकाच माणसाच्या दोन पेशींचे फोटोसुद्धा असे जुळत नाहीत," मी म्हणाले. "सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं विस्कटून पडतात, दर वेळी वेगळी. हा एकच फोटो आहे. शेहेचाळीस गुणसूत्रांच्या कुठल्या तरी पुरुषाचा. त्यावर तुमच्या मुलांची नावं टाकलीत. बाई, तुम्हाला मुलगी ना? यात ती मुलगा आहे."

मग एकदम गलका. "बसा खाली!" "ही इस्पितळाची माणसं!" एका बापानं माझा दंड धरला. गुरुजींनी हात उंचावला. "शांत व्हा. शुद्ध सूत्र सगळ्यांचं सारखंच असतं. एकरूपता! यांना ते झेपत नाही, कारण यांची रोजी रोगावर आहे."

आणि लोक टाळ्या वाजवायला लागले! कागद काचेवर चिकटलेला, ऊन त्यातून आरपार येत होतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात शिंपीणबाई व्यासपीठावर चढली. ती गुरुजींच्या तबकाशी गेली, मांडून ठेवलेल्या बोळ्यांतला एक कोरा बोळा तिनं उचलला आणि कॅमेऱ्यासमोर दोन्ही हातांनी उसवला. एखादी शिवण उसवावी तसा, सावकाश. पडद्यावर सगळ्यांना दिसलं, कापसाच्या पोटात काळ्या दोऱ्याचं गुंडाळं.

"हा अजून कोणाच्या कपाळाला लागला नव्हता," ती म्हणाली. दुसरा उसवला. त्यातही दोरा. तिसरा. "गुरुजी, बाळ यायच्या आधीच बाळाचं सूत्र कापसात कसं जाऊन बसलं?"

गुरुजींनी तबक ओढलं. बोळे खाली सांडले आणि लोकांनी ते उचलून फाडायला सुरुवात केली. प्रत्येकात एक. गुरुजी "परीक्षा घेणाऱ्यांचा नाश होतो" असं काहीतरी बोलत मागच्या दारानं गेले. इतकी कंपनं येणाऱ्या माणसाला जिना मात्र धावतच उतरावा लागला.

मी ताईकडे धावले. ती खुर्चीतच बसून होती. हातात फाडलेला बोळा, मांडीवर गोटी. पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत जात होत्या.

"चल," मी म्हणाले. ती उठली. टॅक्सीवाल्या बापानंच आम्हाला इस्पितळात सोडलं.

गोटीच्या फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाई गोळ्या किती दिवस बंद होत्या हे ऐकून ताईवर ओरडणार होत्या. तिचा चेहरा बघून ओरडल्या नाहीत. "अजून दोनतीन दिवस गेले असते तर," एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

बाहेरच्या बाकावर ताई हातातला फाडलेला बोळा उलगडत बसली. मग म्हणाली, "धागा खोटा. कागद खोटा. पण ते जे आईच्या मनाचं सांगत होते... गोटी पोटात असताना मी फार चिडायचे गं. सासूबाईंवर, यांच्यावर. एकदा तर नकोच हे मूल असंही वाटलं होतं."

अडीच वर्षं ही बाई हे उरात घेऊन फिरत होती आणि मला पत्ता नव्हता! गुरुजींनी दोरा कापसात लपवला होता, पण त्याचं खरं भांडवल हे होतं.

"ऐक," मी तिचा हात धरला. "स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुटतात. क्वचित एखादी सुटत नाही, दोन्ही एकाच बाजूला जातात. बहुतेक वेळा हे आईकडे होतं, कधी बापाकडेही. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते, पण विशीतल्या बायकांनाही अशी मुलं होतात. हे घडतं ते गर्भ राहायच्या आधी. तू चिडलीस तेव्हा गोटीची सत्तेचाळीस ठरून गेली होती. रागानं गुणसूत्र वाढत नाही आणि मायेनं कमीही होत नाही. तिच्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते आहे, अब्जावधी पेशींत. कपाळ पुसून कुठलं कुठलं काढणार?"

ताई तेव्हा रडली. सभागृहातल्यासारखी हात जोडून नाही. तोंडात ओढणीचा बोळा कोंबून, जनावरासारखी.

गोटी अकरा दिवसांनी घरी आली. दोन महिन्यांनी तिचं ऑपरेशन झालं आणि ते पार पडलं. आता ती साडेतीन वर्षांची आहे, मागच्या महिन्यात चालायला लागली. तिची गुणसूत्रं सत्तेचाळीस आहेत आणि सत्तेचाळीसच राहतील. बोलायला वेळ लागेल. शाळेत मदत लागेल.

पोलिसांत तक्रार द्यायला तीनशेपैकी सातजण आले. शिंपीणबाई पहिली, ताई दुसरी. बाकीच्यांना लाज वाटली असेल, काहींना अजून विश्वास असेल. माझा दंड धरणारा तो बाप रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुम्ही बरोबर होतात. पण तुम्हाला माफ करणार नाही. माझ्या मुलाचं बरं होणं तुम्ही हिसकावलंत." जे कधी झालंच नव्हतं ते मी हिसकावलं, हे त्याला कसं सांगायचं?

पण तुम्हाला सांगते. तुमच्या घरी असं मूल असेल तर त्याचं हृदय तपासून घ्या, कान तपासा, डोळे तपासा, थायरॉईड तपासा. लवकर व्यायाम सुरू करा, त्याच्याशी बोलत राहा. यातल्या प्रत्येक गोष्टीला उपाय आहे आणि तो उघड्यावर चालतो. गुणसूत्र काढून देतो म्हणणारा भेटला तर त्याला सांगा, रक्त आम्ही घेऊ, तपासायला आम्हीच देऊ, हव्या त्या प्रयोगशाळेत. तो कबूल होणार नाही. आणि मूल बरं करायला निघालेला माणूस जर पहिल्या दिवशी मुलाचं औषध बंद करायला सांगत असेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला दोष देत असेल, तर पुढचं काही ऐकू नका. मुलाला उचला आणि तिथून उठा.