धवल्यात घेतलेलं नाव

गोपीनाथ बाळकुमचा, पण डोंबिवलीत कुणी विचारलं तर 'ठाण्याचा' म्हणायचा. आता यात खोटं काय आहे? बाळकुम ठाण्यापासून कितीसं लांब! पण ठाण्याचा म्हटलं की माणसं बसायला खुर्ची देतात आणि बाळकुमचा आगरी म्हटलं की मिठाचा भाव विचारतात. एवढं ज्ञान त्याला मॅट्रिकच्या आधीच झालेलं.

विद्यापीठानं तेव्हा नवीन खातं काढलेलं. गावोगावची गाणी यंत्रात धरायची आणि कायमची जपून ठेवायची. त्याचं नाव गीतसंग्रह. खातं निघालं, यंत्र आलं, पण गायला कुणी येईना आणि ऐकायलाही कुणी फिरकेना. तेव्हा प्रोफेसर त्र्यंबकरावांनी प्रचारासाठी गोपीनाथला घेतला. नोकरी कच्ची. डोंबिवलीचा कार्यक्रम रंगला तर पक्की, असं त्यांनी तोंडी सांगितलेलं.

गडी बोलण्यात पटाईत. गावात गेला की टोपी काढून ओट्यावर बसायचा, "आये, तू जाशील, पण तुझा आवाज मागं राहील." शहरात टोपी घालून उभा राहायचा, "मंडळी, हे लोप पावत चाललेलं धन आहे." कोळणीला कळतं ना, कुठल्या गिऱ्हाइकाला टोपलीतला कुठला मासा दाखवायचा, तसं त्याचं होतं. आणि गिऱ्हाइकं एकमेकांना भेटत नव्हती, तोवर सगळं झकास.

डोंबिवलीसाठी त्र्यंबकरावांना धवला हवा होता. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाऊन गाऊन सगळे विधी करते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. धवलारीण आधी देवांना मांडवात बोलावते, आणि मग ज्याचं लग्न त्याचं नाव त्यात घालून गाते. बाळकुमची धवलारीण म्हणजे आवडाबाई, गोपीनाथची सख्खी आत्या. त्याची आई लहानपणीच गेलेली. आत्यानंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला.

आत्यानं आधी उडवूनच लावला. "लगीन नाय, हलद नाय, नि देवांना बोलवू कनाला? आले नि म्हनाले, नवरा कुठं हाय, तर काय दाखवू? तुझी टोपी?"

"आत्ये, माझी नोकरी हाय गं त्याच्यावर."

मग ती कबूल झाली. ठरल्या दिवशी नवं लुगडं नेसून, ओटीत तांदूळ-सुपारी बांधून निघाली. देवांचं काम, रिकाम्या हातानं कसं जायचं?

डोंबिवलीला वाचनालयाच्या दारात सुहासिनीबाई उभ्या होत्या, महिला मंडळाच्या. त्यांनी हसून विचारलं, "गोपीनाथराव, या कोण?"

गोपीनाथनं आत्याकडं पाहिलं. आडवं कुंकू, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, मिठागरात चिरलेले अनवाणी पाय. आणि त्याच्या तोंडातून निघालं, "खाडीकडची एक बाई आहे. गायला आणलीय."

आत्या शेजारीच उभी होती. तिनं पदर सारखा केला.

पुढं स्टेजवर त्र्यंबकरावांनी यंत्र चालू केलं आणि गोपीनाथला दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन कुठले, त्यानं चांगले दोनशे टाकले. "मंडळी, ही अगदी अडाणी बाई. अक्षराची ओळख नाही. आपण काय गातो, त्याचा अर्थ हिला कळतो की नाही कोण जाणे! तरी या चिखलातलं हे कमळ आपण खुडून आणलंय." लोक खळखळून हसले. टाळ्या पडल्या. टाळ्या म्हणजे दारूच, एकदा चढली की माणूस खाली बघत नाही.

आत्यानं वाकून हळूच विचारलं, "नाव कुनाचं घेऊ रं?"

"घे कुणाचंही," तो दातातल्या दातात म्हणाला आणि चहाचं बघायला मागं गेला. कपबश्या कमी पडलेल्या. तिनं काय गायलं ते त्यानं ऐकलंच नाही.

चहाच्या वेळी सुहासिनीबाईंनी मायेनं आत्याची चौकशी केली. "आमच्या गोपीनाथरावांना तुम्ही आधीपासून ओळखता का हो?"

आत्यानं बशी खाली ठेवली. "नाय बा. सायेब हायत ते."

गोपीनाथनं ऐकलं. ऐकून चहा प्यायला. चहा तोंड भाजेल इतका गरम होता, पण प्यायला.

नोकरी पक्की झाली. त्र्यंबकराव खुशीत म्हणाले, "गोपीनाथ, हीच फीत आता बाळकुमला ऐकवा. आपल्या गावच्या बाईचा आवाज यंत्रातून ऐकला की बाकीच्या धावत येतील गायला."

गोपीनाथलाही पटलं. फीत आधी वाजवून बघावी, हे काही सुचलं नाही.

बाळकुमला तेव्हा वीज फक्त भाताच्या गिरणीत. गिरणीच्या अंगणात सगळा गाव जमला. म्हातारा काळुराम पाटावर, बायका एका बाजूला, मधोमध आवडाबाई. तिला शेजारच्या सगुणानं पुढं ढकलून बसवलेली, "बस गं, आज तुझी वरात!" गोपीनाथनं टोपी काढली, बटण दाबलं. चाकं फिरायला लागली.

आणि यंत्रातून गोपीनाथच बोलायला लागला.

"मंडळी, ही अगदी अडाणी बाई..."

त्यानं गडबडीनं बटण पिरगाळलं. ते आवाजाचं होतं. यंत्र आणखी मोठ्यानं ओरडलं, "अर्थ हिला कळतो की नाही कोण जाणे!" डोंबिवलीचे लोक बाळकुमच्या गिरणीत खळखळून हसले. गिरणीत मात्र कुणी हसलं नाही. चिखल झाला, कमळ झालं, टाळ्या झाल्या. मग कपड्याची सळसळ, आणि अगदी जवळून, "नाव कुनाचं घेऊ रं?" आणि त्याचं ते, "घे कुणाचंही."

थांबवायचं बटण सापडलं तेव्हा काळुराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गानं ऐकू."

आत्याचा आवाज उठला. खाडीच्या वाऱ्यासारखा, सरळ. तिनं गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, खाडीतल्या देवांना बोलावलं. या, बसा, तांदूळ मांडलेत. मग नवऱ्याला पाटावर बसवलं आणि त्याचं नाव घेतलं.

गोपीनाथ नवरा. पुन्हा पुन्हा तेच. गोपीनाथला हळद लावा, गोपीनाथवर सावली धरा, गोपीनाथला कुणाची दृष्ट लागू देऊ नका.

फीत संपली तरी चाकं फटफट फिरत राहिली.

सगुणा म्हणाली, "आवडे, याचं नाव घेतलंस? त्या बोलन्यावर?"

"देवांना बोलावलं, मंग कुनाचं तरी नाव नको? त्या वक्ताला मना दुसरं कोन आठवनार?" ती अगदी साधेपणानं म्हणाली, जशी कुणी भाजीत मीठ का टाकलं ते सांगतं.

गोपीनाथची मान वर होईना. आपण कुठं उभे आहोत, टोपी कुठं आहे, हात कुठं ठेवायचे, काही कळेना.

"यंत्र चालू कर," काळुराम म्हणाला. "तुझं ते धरून ठेवतंय ना सगलं? मंग हे पन धरू दे. बोल, ही कोन तुझी?"

त्यानं कोरी फीत लावली. तोंड जवळ नेलं. "या माझ्या आत्याबाई..."

"कोन आत्याबाई? आमच्या गावात नाय कुनी तशी."

"ही माझी आत्या," गोपीनाथ म्हणाला. "हिनं मला वाढवला."

आवडाबाई उठली. लुगडं झटकलं. "अरं बाला, हितं कुनाला सांगतंस? हितं कुत्र्याला पन ठावं हाय. तिथं सांगायचं व्हतं." आणि ती घराकडं चालायला लागली. एकेक करत बायका उठल्या. त्या दिवशी बाळकुममध्ये कुणी गायलं नाही.

पुढचा कार्यक्रम कल्याणला होता, शाळेच्या सभागृहात. गोपीनाथ सकाळी आत्याच्या दारात गेला. "आत्ये, चल गं. या वेळी नीट सांगतो." ती चुलीशी सुकट भाजत होती. वळली नाही. "जावा सायेब, उशीर होईल," म्हणाली. रागानं नाही. तेच जास्त लागलं.

कल्याणला त्यानं फीत पहिल्यापासून लावली, स्वतःच्या दोनशे शब्दांसकट. त्र्यंबकरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. गाणं संपल्यावर गोपीनाथ पुढं आला. त्यानं पाठ केलेलं काही आठवलं नाही.

"मी बाळकुमचा. आगरी. ही बाई म्हनजे माझी आत्या हाय. आणि सुरुवातीला जो बोलला, तो मी."

त्याला वाटलं, आता छप्पर कोसळणार. काही नाही. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं. डोंबिवलीहून मुद्दाम आलेल्या सुहासिनीबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, "अगोबाई, हो का? मग आज नाही का आणलंत त्यांना?"

गोपीनाथनं फीत काढता काढता मान हलवली.

"नाय आली," म्हणाला.