साडूच्या गाडीचा पंप

सकाळपासून धाकट्या जावयाचा पाय एका जागी ठरत नव्हता. दुपारी सासऱ्यांना दवाखान्यातून सोडणार होते. मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर, पाय वाकायचा नाही, म्हणजे साधी गाडी कामाची नाही. "मी आणतो बाबांना, माझ्या गाडीत सीटा पाडल्या की पलंग होतो," असं यानंच चारचौघांत छाती ठोकून सांगितलेलं. आणि गाडी गॅरेजात मेल्यासारखी पडलेली.

"टाकीतला पेट्रोलचा पंप गेलाय," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "नवा मागवला तर आठवडा."

"आठवडा? अरे, दुपारी बाबा दवाखान्याच्या दारात येऊन बसतील प्लास्टर घेऊन!"

"मग थोरल्या साडूंकडं जा. त्यांची ठोकलेली गाडी उभीच आहे ना? पुढून चेंदा झालाय, पण पंप मागं असतो. शाबूत असणार."

धाकट्याला मिरच्या झोंबल्या. थोरल्या साडूशी त्याचं कित्येक वर्षं या गाड्यांवरूनच वाजायचं. दोन्ही जपानी, सात माणसांच्या, सरकत्या दारांच्या, परदेशात वापरून झालेल्या. रंगही पांढराच. पण मागच्या पाटीवरची नावं वेगळी. जेवायला एकत्र बसले की झालं सुरू. हा म्हणायचा "तुमचा डबा", तो म्हणायचा "तुझा खटारा". दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्या आपली ताटं उचलून आत जायच्या. मागच्या महिन्यात थोरल्यानं गाडी खांबावर घातली, तेव्हा हा गडाबडा लोळून हसला होता.

"त्या डब्याचा पंप माझ्या गाडीला बसेल कसा?"

मिस्त्री बघतच राहिला. "भाऊ, गाडी एकच आहे ती. कंपनी एका देशात एका नावानं विकते, दुसऱ्या देशात दुसऱ्या. एवढं भांडलात, कुणी सांगितलं नाही?"

धाकटा टायरांच्या ढिगावर बसला, उठला, परत बसला. तेवढ्यात दवाखान्यातून बायकोचा फोन. "निघालात ना?"

"हो हो, वाटेतच आहे," म्हणाला, आणि मिस्त्रीला घेऊन थेट थोरल्याच्या दारात.

थोरल्यानं सगळं निवांत ऐकलं. "म्हणजे तू स्वतःच्याच गाडीला डबा म्हणत होतास."

"आणि तुम्ही तुमच्याच गाडीला खटारा."

थोरल्यानं चपला पायात सरकवल्या. म्हणाला, "काढ पंप. पण मी येणार बरोबर. पुढं बसणार."

गॅरेजात पंप बसला. चावी फिरवली, गाडी सुरू झाली.

दवाखान्याच्या दारात सासरे मागं आडवे झाले. धाकट्याचा एक कान पंपाच्या घुंघुंकडं, जरा आवाज बदलला की गाडी हळू करायचा. सिग्नलला गाडी एकदा दचकली तेव्हा त्यानं श्वासच धरला.

"थोरल्या जावईबापूंची गाडी नीट झाली वाटतं," मागून सासरे म्हणाले. "बरं झालं हीच आणलीत. धाकट्यांची ती नुसती आदळते हो."

धाकट्याच्या जिभेवर पाच-सहा उत्तरं एकदम आली. पंप घुंघुं करत होता. त्यानं सगळी गिळली.

"हो बाबा, थोरल्यांचीच."

थोरला खिडकीबाहेर बघत होता, पण खांदे गदगदत होते.

"हसू नका," धाकटा दातओठ खात पुटपुटला.

"नाही रे. पुढं खड्डा आहे, सावकाश घे. माझी गाडी आहे."